घरच्या घरी बीपी कसं मोजावं

बीपीचं मशीन आता बऱ्याच घरी आहे. पुण्याला किंवा बंगळुरूला नोकरीला असलेला मुलगा ऑनलाइन मागवून देतो, आई-बाबा सुरुवातीला हौसेने मोजतात आणि एक दिवस वरचा आकडा १६० दिसला की मला फोन येतो, "डॉक्टर, गोळी वाढवू का?" मी आधी विचारतो, मोजलं कसं? जिना चढून आल्या आल्या, चहाचा कप बाजूला ठेवून, क्रिकेटची मॅच बघत मोजलेलं बीपी फक्त त्या मिनिटाचं असतं. त्यावरून गोळी वाढवायची नाही आणि कमीही करायची नाही.

मशीन दंडावर पट्टा बांधायचं घ्या. मनगटाचं दिसायला सुटसुटीत असतं, पण हात जरा खालीवर झाला की आकडा बदलतो. घेताना कंपनीपेक्षा पट्ट्याचं माप बघा. शिंप्याच्या टेपने दंडाचा घेर मोजा. पट्ट्यावर २२ ते ३२ सेंटीमीटर असं काही छापलेलं असतं, त्यात तो बसला पाहिजे. जाड दंडाला लहान पट्टा बांधला की बीपी आहे त्यापेक्षा जास्तच दिसतं. मोठा पट्टा वेगळा विकत मिळतो. एकदा मशीन दवाखान्यात घेऊन या, आमच्या मशीनशी ताडून बघू.

मोजण्याआधी अर्धा तास चहा, कॉफी, तंबाखू, सिगारेट नको आणि फिरून येणंही नको. लघवीला जाऊन या. मूत्राशय भरलेलं असलं की बीपी चढतं. मग पाठ टेकेल अशा खुर्चीत बसा. पलंगाच्या कडेवर नाही, दिवाणावर मांडी घालूनही नाही. पाय जमिनीवर सपाट, एकावर एक टाकलेले नकोत. असे पाच मिनिटं गप्प बसा. गप्प म्हणजे खरोखर गप्प, कारण बोलण्यानेही आकडा वर जातो. घरात कुणी "किती आलं?" विचारत उभं असेल तर त्यांना स्वयंपाकघरात पाठवा.

पट्टा उघड्या दंडावर बांधायचा. थंडीत स्वेटरची बाही वर सरकवली तर तिचाच फास बसतो, त्यामुळे हात बाहीतून काढलेला बरा. कोपराच्या घडीच्या दोन बोटं वर पट्ट्याची खालची कड यावी, नळी कोपराच्या आतल्या बाजूने खाली यावी आणि पट्ट्यात एक-दोन बोटं जेमतेम शिरावीत. हात टेबलावर ठेवा, दंड छातीच्या मध्याच्या उंचीला. टेबल बुटकं असेल तर खाली उशी घ्या. हात लोंबकळत राहिला तर आकडा सहज दहाने वाढतो, म्हणजे धडधाकट माणूसही कागदावर रोगी ठरतो.

पहिल्या दिवशी दोन्ही हातांचं बीपी मोजा. ज्या हाताचं जास्त येईल, पुढे तोच हात धरा. फरक दरवेळी १५ च्या वर येत असेल तर डॉक्टरांना सांगा.

एका बैठकीत दोनदा मोजायचं, मध्ये एक मिनिट सोडून. सकाळी उठल्यावर, बीपीची गोळी आणि नाश्ता घेण्याआधी. आणि पुन्हा संध्याकाळी. असं सात दिवस. भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकोनात लिहिलं तरी चालेल, पण आलेला आकडा जसाच्या तसा लिहा. "हा जास्त आला, हा नको" म्हणून चांगले आकडे निवडणारे पुष्कळ असतात. पहिला दिवस सोडून बाकी सगळ्यांची सरासरी काढा. घरची सरासरी १३५/८५ किंवा त्याहून जास्त आली तर बीपी वाढलेलं आहे असं धरतात. दवाखान्यात हीच रेषा १४०/९० ला असते, कारण डॉक्टरसमोर पुष्कळांचं बीपी थोडं चढतंच.

कधी १८०/१२० च्या वर दिसलं तर आधी स्वस्थ बसा आणि पाच मिनिटांनी पुन्हा मोजा. तेवढंच आलं, पण त्रास काही नाही, तर त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला. बीपी उतरवायला जिभेखाली गोळी ठेवण्याची जुनी सवय आता मोडा. बीपी एकदम कोसळलं तर मेंदूचा रक्तपुरवठा कमी पडतो. मात्र छातीत दुखणं, धाप, तोंड वाकडं होणं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, बोबडं बोलणं यातलं काहीही असेल तर मशीन बाजूला ठेवा आणि १०८ ला फोन करा, आकडा काहीही असो. लकव्यात गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं.

आता मिठाचं. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे सपाट भरलेला एक चहाचा चमचाही नाही. आमच्या इंदूरात हे फार अवघड जातं. सकाळच्या पोह्यांवर सेव आणि जीरावन म्हणजे खारट मसाल्याची पूड, जेवताना पुन्हा सेव, थंडीत गराडूवर, म्हणजे तळलेल्या कंदावर, जीरावन. पोहे सोडा असं मी कुणालाच सांगत नाही, सांगून उपयोगही नाही. वरून पडणारी सेव आणि जीरावन निम्मं करा, पापड-लोणचं एका वेळी एकच घ्या. सैंधव आणि काळं मीठ हेही मीठच, त्यात सवलत नाही. कमी सोडियमचं मीठ आणायचं तर आधी विचारा: त्यात पोटॅशियम असतं आणि किडनीचा त्रास असलेल्यांना किंवा टेल्मिसार्टन, रॅमिप्रिलसारख्या बीपीच्या गोळ्या घेणाऱ्यांना ते बाधू शकतं.

बीपी मध्येच वाढायला लागलं तर गुडघेदुखीसाठी डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन सुरू झालंय का बघा. सर्दीच्या काही गोळ्यांनी वाढतं. खोकल्याला रोज ज्येष्ठमध चघळत राहिलं तरी वाढतं, हे कुणाच्या डोक्यातच येत नाही.

मे महिन्यात उलटं होतं. घामाने पाणी जातं, गोळी तीच चालू असते आणि उठताना चक्कर येते. तेव्हा बसून मोजा, मग उभं राहून एक आणि तीन मिनिटांनी पुन्हा मोजा. जवळ कुणीतरी असू द्या. उभं राहिल्यावर वरचा आकडा २० किंवा जास्त उतरला तर दोन्ही आकडे घेऊन या, बहुधा गोळीचा डोस बदलावा लागेल. तोपर्यंत मनाने बंद करू नका.