माळावर सुतळी ताणण्याआधी: इकॉलॉजी शिकू पाहणाऱ्यांसाठी

इकॉलॉजीची सुरुवात बहुतेक जण अन्नसाखळीच्या चित्रापासून करतात. गवत, ससा, कोल्हा आणि मध्ये बाण. चित्र चुकीचं नाही, पण त्यावरून विचार करायला जमत नाही. आधी हद्द ठरवा. जे बघायचंय ते कुठे सुरू होतं, कुठे संपतं, आत काय येतं, बाहेर काय जातं? बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातल्या कणकुंबीला उगम पावणारी मलप्रभा पूर्वेला वळते आणि कृष्णेला मिळते. त्याच तालुक्यात उगम पावणारी म्हादई गोव्यातून पश्चिम समुद्र गाठते. एकाच डोंगररांगेच्या दोन अंगांना पडलेलं पाणी दोन वेगळ्या समुद्रांत जातं. पाण्याचा अभ्यास करायचा तर हद्द ही पाणलोटाची धार, म्हणजे जिथून पाणी दोन बाजूंना वाटलं जातं ती कड. गावाची शीव किंवा तालुक्याची रेघ तिथे उपयोगाची नाही. मधमाश्यांचा अभ्यास असेल तर हीच हद्द पुन्हा बदलेल.

दुसरा प्रश्न: इथे कमी काय पडतंय? वनस्पतीची वाढ सगळ्या गरजांच्या बेरजेवर ठरत नाही, जी गोष्ट सर्वांत अपुरी आहे तीच वाढीला अडवते. हे समजून घ्यायला बेळगाव जिल्ह्याइतकी सोयीची जागा शोधून सापडणार नाही. पश्चिमेला कणकुंबीकडे वर्षाला काही हजार मिलिमीटर पाऊस, पूर्वेला अथणीकडे जेमतेम पाच-सहाशे, आणि दोन्ही टोकं २०० किलोमीटरच्या आत. चोर्ल्याकडच्या जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे उघड्या खडकाळ पठारावर, पावसाळ्यात पाणी तुंबलेलं असतं, पण माती बोटभर आणि तीही धुऊन निघालेली. नायट्रोजन अपुरा, म्हणून तिथे कीटक पकडून भूक भागवणाऱ्या दवबिंदू आणि सीतेची आसवं या वनस्पती तगतात. अथणीकडे जमीन काळी, पण पाणी नाही. कृष्णाकाठी कालव्याचं पाणी आलं, ऊस आला, ती अडचण संपली. मात्र निचरा न करता वर्षानुवर्षं पाट सोडला की भूजल वर चढतं, उन्हाने पाणी उडून जातं आणि क्षार वर राहतात. मग पीक अडतं ते मिठामुळे आणि मुळांना हवा न मिळाल्यामुळे. एक अडसर काढला की पुढचा उघडा पडतो. हे ज्याच्या अंगवळणी पडलं, त्याला निम्मी इकॉलॉजी आली असं आम्ही मानतो.

आता हाताने करायचं काम: माळावर सुतळीची चौकट आखून आतल्या वनस्पतींच्या जाती मोजणं. अभयारण्यात पाय ठेवायला वनखात्याची परवानगी लागते, म्हणून भीमगडपासून सुरुवात करू नका. गावाजवळचा माळ घ्या. सप्टेंबर-ऑक्टोबरात जा, कारण गवताची ओळख तुऱ्यावरून पटते. सामान साधं: चार खुंट्या, सुतळी, मोजपट्टी, दहापट भिंग, वही आणि पेन्सिल. शाई पहिल्याच सरीत पसरते.

चौकट केवढी घ्यायची हे मनाने ठरवू नका. २५ बाय २५ सेंटिमीटरपासून सुरुवात करा, आतल्या जाती मोजा. मग क्षेत्र दुप्पट करा: २५ बाय ५०, ५० बाय ५०, ५० बाय १००, १०० बाय १००. सुरुवातीला जाती भराभर वाढतात, मग वाढ मंदावते. जिथे दुप्पट करूनही एखाददुसरीच नवी जात मिळते, ती चौकट त्या माळाला पुरेशी. अशा किमान दहा टाका. सुतळीवर उभं राहिलेलं रोप मोजायचं की नाही? डाव्या आणि खालच्या बाजूचं मोजा, उजव्या आणि वरच्या बाजूचं सोडा. हा नियम आधी ठरला नाही, तर दोघांचे आकडे कधीच जुळत नाहीत.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो जागा निवडताना. दगड भिरकावून चौकट टाकली की ती आपोआप यादृच्छिक, म्हणजे आपल्या आवडीनिवडीशिवाय पडलेली, होते, असं अनेकांना वाटतं. तसं नसतं. हात नकळत मोकळ्या, चालायला सोप्या, फुललेल्या भागाकडे वळतो आणि काटेरी झुडपं गणतीतून निसटतात. माळाच्या दोन कडांवर पावलांनी अंतर मोजा, प्रत्येक कडेसाठी आकड्याची एक चिठ्ठी काढा आणि ते दोन आकडे जिथे मिळतील तिथेच बसा, काटे असले तरी. आणखी एक चूक: एकाच माळावरच्या दहा चौकटी म्हणजे दहा माळ नव्हेत. चराईने काय होतं हे सांगायचं असेल, तर गुरं चरतात असे अनेक माळ आणि चराईपासून राखलेले अनेक माळ हवेत.

चौकटीत कुसळी गवत मिळालं तर एक बी तळहातावर घ्या आणि त्याच्या पिळदार शेपटीवर पाण्याचा थेंब सोडा. पीळ उलगडतो, बी फिरतं. वाळताना पुन्हा वळतं. ओलं-सुकं होता होता ते टोकाने जमिनीत शिरतं आणि वरून गेलेल्या वणव्यातून बऱ्याचदा वाचतं. म्हणजे मे महिन्यात करपून पडलेला माळ मेलेला नसतो. त्याला ओसाड म्हणून झाडांच्या ओळी लावणं हे नुकसान आहे: सावली पडली की उन्हावर जगणारी गवतं हटतात, आणि उघड्या जमिनीवर घरटं करणारे चंडोलही जातात. माळ म्हणजे अर्धवट राहिलेलं जंगल, ही समजूत आधी सोडा.

दहा टक्क्यांच्या नियमाबद्दल थोडक्यात. गवताने साठवलेल्या ऊर्जेपैकी साधारण दहावा भाग चरणाऱ्याच्या शरीरात उतरतो, त्याचा दहावा त्या चरणाऱ्याला खाणाऱ्याच्या. हा हिशेब ऊर्जेचा आहे, वजनाचा नाही, आणि दहा ही ढोबळ सरासरी आहे. प्रत्यक्षात प्रमाण बरंच वर-खाली होतं. परीक्षेत ठीक, शेतात तो आकडा थेट लावू नका.

पावसाची नोंद स्वतः ठेवा. सरळ भिंतीचा डबा उघड्यावर, जवळच्या झाडाच्या किंवा भिंतीच्या उंचीच्या दुप्पट अंतरावर ठेवा आणि रोज सकाळी साडेआठला पट्टीने मोजा. एक मिलिमीटर म्हणजे चौरस मीटरला एक लिटर. वळचणीखाली ठेवलेल्या डब्याचा आकडा फेकून द्यायच्या लायकीचा असतो.

वनस्पतीचं नाव लिहिताना मराठी आणि कन्नड दोन्ही लिहा, सांगणाऱ्याचं गावही लिहा. एकच नाव दोन गावांत दोन वेगळ्या झाडांना असतं, त्यामुळे शास्त्रीय नाव पटेपर्यंत नमुना कागदात दाबून ठेवा. निघताना खुंट्या उपटू नका. जमिनीलगत ठोकून त्यांच्या खुणा वहीत नोंदवा. पुढच्या सप्टेंबरात त्याच चौकटींत बसायचंय.