पोपट चावतो, किंचाळतो? आधी आपण ओरडणं बंद करा

आमचा चिकू सन कोनूर जातीचा छोटा विदेशी पोपट आहे, जेमतेम शंभर-सव्वाशे ग्रॅमचा जीव पण आवाज असा की खालच्या काकू एकदा वर येऊन विचारून गेल्या, काय पडलं का गं? (हो, आधीच सांगते, आपला हिरवा लाल चोचीचा पोपट घरात ठेवताच येत नाही, १९७२ चा वन्यजीव कायदा आहे, आणि कोनूरसारख्या विदेशी पक्ष्याची केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते.)

सुरुवातीला आमचं सगळंच चुकत होतं. तो किंचाळला की आई किचनमधून "ए गप रे!" आणि मी पळत जाऊन पिंजऱ्यापुढे उभी. म्हणजे त्याला काय कळलं, ओरडलं की दोघी हजर! पोपट थव्यात राहणारा पक्षी, माणूस नजरेआड झालं की हाक मारणारच, आणि आपण रागावलो तरी त्याच्यासाठी ते उत्तरच असतं.

मग आम्ही एक छोटी शीळ ठरवली. मी आतल्या खोलीतून शीळ घालायचे, त्याने शिळेने उत्तर दिलं की लगेच जाऊन डाळिंबाचा एक दाणा. किंचाळला तर कुणी हलायचं नाही, तिकडे बघायचं पण नाही, दोन-तीन सेकंद शांत बसला की मगच जायचं. पहिला आठवडा किंचाळणं वाढतं बरं का, आमच्याकडे तर डबल झालं, इथेच सगळे हार मानतात आणि मग पक्षी शिकतो की अजून जोरात ओरडलं की जमतं. सकाळ-संध्याकाळचा थोडा दंगा मात्र राहणारच, तो त्यांचा स्वभाव आहे, त्यावर इलाज शोधत बसू नका.

आता चावणं. चावायच्या आधी पोपट सांगतो, आपण बघत नाही. डोळ्यातली बाहुली भराभर लहानमोठी होते, मानेची पिसं फुलतात, शेपटी पंख्यासारखी पसरते, तेव्हा हात पुढे करायचाच नाही. चिकू मला रोज संध्याकाळी चावायचा, नेमका पिंजऱ्यात ठेवताना. आठवडाभराने ट्यूब पेटली, पिंजरा म्हणजे मजा संपली! मग आत बाजरीचं कणीस अडकवायला लागले, आणि मधेच उगाच आत ठेवून पाच मिनिटांनी परत बाहेर काढायचं. चावणं बरंच कमी झालं.

तरी चावलाच तर हात झटकू नका, "आई गं" गिळून टाका, जवळच्या खुर्चीच्या पाठीवर शांतपणे उतरवा आणि आठ-दहा सेकंद पाठ फिरवा. आणि बोटावर चढताना तो आधी चोचीने बोट धरून बघतो, आपण कठडा हलवून बघतो ना तसं, ते चावणं नव्हे. तेव्हा हात मागे घेतला तर तो पुढच्या वेळी जास्त घट्ट धरतो.

चोचीवर टिचकी, तोंडावर फुंकर, पाण्याचा फवारा, शिक्षा म्हणून पिंजऱ्यावर चादर, यातलं काहीच नको. फवाऱ्याने तर आंघोळीलाच घाबरायला लागतात.

झोप दहा-बारा तास लागते, आमचा पिंजरा हॉलमध्ये टीव्हीशेजारी होता आणि सिरियली अकरापर्यंत, चिडका होणार नाही तर काय. लाड करताना फक्त डोकं आणि मान खाजवा, पाठीवरून हात फिरवला की त्यांना जोडीदाराचा मूड येतो आणि मग कुणालाही चावतात. कॅलेंडर, चार्जर कुरतडतात त्यांना मक्याच्या कणसाची सालं द्या, किंवा कागदाच्या पुड्यांत सूर्यफुलाच्या दोन-चार बिया बांधून.

एकदम वागणं बदललं किंवा स्वतःची पिसं उपटायला लागला तर हे प्रयोग सोडा, पक्षी बघणाऱ्या डॉक्टरकडे न्या.

आमच्याकडे आता एकच प्रॉब्लेम उरलाय, कुकरची शिट्टी झाली की चिकू शिळेने उत्तर देतो, आईची मोजणी चुकते आणि भात कच्चा राहतो.