तिकीट पक्के, तरीही विमानात जागा नाही: अशा वेळी प्रवाशाने काय करावे

तिकीट पक्के असते, प्रवासी वेळेत विमानतळावर पोहोचलेला असतो, आणि तरीही काउंटरवरचा कर्मचारी सांगतो की विमान भरले आहे, आपल्याला पुढच्या विमानाने पाठवतो. बहुतेक प्रवासी आधी चिडतात, मग हतबल होतात आणि शेवटी मिळेल त्या विमानाने निघून जातात. अशा प्रसंगी भरपाई मिळते हे घरी गेल्यावर कोणीतरी सांगते, पण तोवर हातात एकही कागद राहिलेला नसतो. भरपाई मिळणार की नाही हे बहुतांशी काउंटरपाशी गेलेल्या त्या तासाभरातच ठरते, म्हणून त्या वेळी काय बोलावे, काय मागावे आणि कशावर सही करू नये, हे आधीच माहीत असलेले बरे.

काही प्रवासी तिकीट काढूनही येत नाहीत, हे विमान कंपन्यांना अनुभवाने ठाऊक असते. रिकाम्या आसनांचे नुकसान टाळण्यासाठी त्या आसनसंख्येपेक्षा काही तिकिटे जास्त विकतात. यालाच ओव्हरबुकिंग म्हणतात. अंदाज चुकून सगळेच प्रवासी हजर झाले, तर कोणाला तरी मागे राहावे लागते. आपल्याकडे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, याबाबतचे नियम २०१० साली केले आणि २०१६ मध्ये भरपाईच्या रकमा वाढवल्या. विभाग ३, मालिका एम, भाग ४ ही त्या नियमांची ओळख आहे. ती लक्षात ठेवावी, कारण काउंटरवर नियमाचा नेमका उल्लेख झाला की समोरच्याचा सूर बदलतो.

निघण्यापूर्वी

वेब चेक-इन सुरू होताच करून घ्यावे. आसन क्रमांक मिळाला असेल तर मागे राहण्याची शक्यता कमी होते, कारण कात्री सहसा शेवटी चेक-इन करणाऱ्यांवर चालते. वेब चेक-इन करताना आसन क्रमांक न मिळता तो विमानतळावर मिळेल असा संदेश आला, तर ती सावध होण्याची खूण समजावी आणि नेहमीपेक्षा तासभर आधी पोहोचावे. तिकीट एजंटामार्फत काढले असेल, तर बुकिंगमध्ये एजंटाचा नव्हे, आपला मोबाइल क्रमांक आणि ई-मेल असल्याची खात्री करावी. उड्डाण रद्द झाल्याची सूचना त्याच पत्त्यावर येते, आणि संपर्काची माहिती अपुरी दिलेली असेल तर रद्द उड्डाणाची भरपाई नाकारण्याची मुभा कंपनीला नियमानेच आहे.

काउंटरवर

या नियमांचे संरक्षण मिळण्यासाठी दोन गोष्टी लागतात: तिकीट पक्के असणे आणि प्रवासी कंपनीने ठरवलेल्या वेळेत हजर झालेला असणे. वाद जवळजवळ नेहमी दुसऱ्या गोष्टीवर होतो. कंपनीच्या नोंदीत आपली नोंद 'उशिरा आलेला' किंवा 'न आलेला प्रवासी' अशी झाली, तर पुढचे सगळे हक्क हातचे गेल्यासारखेच होतात. म्हणून जागा नाही असे कानावर पडताच पहिले काम म्हणजे आपण वेळेत आलो होतो याचा पुरावा गोळा करणे. टॅक्सीची पावती, विमानतळाच्या पार्किंगची चिठ्ठी, वेब चेक-इनचा बोर्डिंग पास यांपैकी जे असेल ते जपून ठेवावे. काउंटर आणि त्यावरील उड्डाणाचा फलक दिसेल असा एक फोटो लगेच काढावा, कारण फोटोसोबत त्याची वेळही नोंदली जाते. पावत्यांपेक्षाही जास्त उपयोगी पडतो तो आपणच तिथे उभे राहून कंपनीच्या ग्राहकसेवेला पाठवलेला ई-मेल. तो उड्डाणाच्या वेळेआधी गेलेला असावा. मजकूर इतकाच पुरतो:

"माझा पीएनआर अमुक आहे. आजच्या अमुक क्रमांकाच्या उड्डाणासाठी मी अमुक वाजता चेक-इन काउंटरवर हजर झालो. माझे तिकीट पक्के असूनही विमानात जागा नसल्याचे कारण सांगून मला प्रवेश नाकारण्यात आला आहे. मी स्वेच्छेने जागा सोडलेली नाही. डीजीसीएच्या विभाग ३, मालिका एम, भाग ४ या नियमांनुसार पर्यायी उड्डाण आणि भरपाई मिळावी, तसेच प्रवेश नाकारल्याचे कारण मला लेखी कळवावे."

'मी स्वेच्छेने जागा सोडलेली नाही' हे वाक्य कोणत्याही परिस्थितीत गाळू नये. नियमानुसार कंपनीने आधी स्वेच्छेने जागा सोडणाऱ्यांना आवाहन करायचे असते आणि त्या बदल्यात काही लाभ देऊ करायचे असतात. कोणी पुढे आले नाही, तरच एखाद्याला त्याच्या मर्जीविरुद्ध थांबवता येते, आणि ठरलेली भरपाई अशा मर्जीविरुद्ध थांबवलेल्या प्रवाशालाच मिळते. स्वेच्छेने थांबणाऱ्याला जे त्याने कबूल केले तेवढेच मिळते. गर्दीच्या काउंटरवर पुढच्या विमानाचा बोर्डिंग पास देताना एखाद्या छापील कागदावर सही मागितली जाते, आणि त्या कागदावर 'प्रवाशाच्या विनंतीवरून बदल' अशा अर्थाची ओळ असू शकते. सही करण्यापूर्वी तो कागद पूर्ण वाचावा, तशी ओळ असल्यास ती खोडायला लावावी, आणि कर्मचारी तयार नसेल तर सहीशेजारी स्वतःच्या हाताने 'मर्जीविरुद्ध' असे लिहून कागदाचा फोटो घ्यावा.

बोलताना काउंटरवरच्या कर्मचाऱ्यावर आवाज चढवण्यात काही हशील नाही. बहुधा वयाने लहान असलेल्या त्या कर्मचाऱ्याने ती जास्तीची तिकिटे विकलेली नसतात आणि भरपाई मंजूर करण्याचा अधिकारही त्याच्याकडे नसतो. ड्युटी मॅनेजरला बोलावण्याची विनंती करावी आणि लेखी कारणाची मागणी त्याच्यापुढे ठेवावी. नुसते हेलपाटे घालायला लावले जात असतील, तर दोघांची नावे आणि वेळ टिपून ठेवावी.

स्वेच्छेने थांबण्याचा प्रस्ताव मात्र सरसकट धुडकावू नये. ज्याला घाई नाही त्याच्यासाठी तो चांगला सौदा असू शकतो, फक्त मर्जीविरुद्ध थांबवल्यास किती मिळाले असते याचा हिशेब मनात ठेवूनच होकार द्यावा. देऊ केलेले व्हाउचर किती काळ चालेल, ते दुसऱ्याच्या नावावर वापरता येईल का आणि पुढच्या विमानात आसन पक्के आहे का, या तीन गोष्टी आधी लेखी घ्याव्यात.

किती पैसे मिळतात

मूळ उड्डाणाच्या ठरलेल्या वेळेपासून तासाभराच्या आत निघणाऱ्या पर्यायी विमानात जागा दिली, तर भरपाई मिळत नाही. तासाभरानंतरचे पण २४ तासांच्या आतले विमान दिले, तर एका बाजूचे मूळ भाडे आणि इंधन शुल्क यांच्या बेरजेच्या २०० टक्के रक्कम मिळते, पण कमाल १०,००० रुपये. पर्यायी विमान २४ तासांनंतरचे असेल, तर हाच दर ४०० टक्के होतो आणि कमाल मर्यादा २०,००० रुपये होते. पर्यायी विमान नकोच असेल, तर तिकिटाचे पूर्ण पैसे परत आणि शिवाय ४०० टक्के भरपाई, कमाल २०,००० रुपये.

हिशेब तिकिटाच्या एकूण रकमेवर होत नाही, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. समजा तिकीट ५,४०० रुपयांना पडले. त्यात मूळ भाडे ३,२०० रुपये, इंधन शुल्क ६०० रुपये आणि उरलेले कर, विमानतळ शुल्क वगैरे. भरपाईसाठी ३,८०० रुपये धरले जातील. म्हणजे त्याच संध्याकाळचे विमान दिले तर ७,६०० रुपये, आणि तिसऱ्या दिवशीचे दिले तर १५,२०० रुपये. मूळ भाडे आणि इंधन शुल्क मिळून ६,००० रुपये असतील, तर २०० टक्क्यांनी १२,००० होतात, पण मर्यादेमुळे हाती १०,००० च येतात. भाड्याची ही फोड तिकिटाच्या किंवा बिलाच्या प्रतीत असते, म्हणून ती प्रत मोबाइलमध्ये ठेवावी. एकाच पीएनआरवर चार जण असतील आणि चौघांनाही थांबवले, तर भरपाई चौघांनाही स्वतंत्रपणे मिळते.

या मर्यादा मला अपुऱ्या वाटतात. लग्नाचा मुहूर्त, परीक्षा किंवा शस्त्रक्रियेची तारीख हुकलेल्या माणसाला १०,००० रुपयांत काय मिळणार? पण ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा इतर कायद्यांच्या जोडीने चालतो, त्यामुळे डीजीसीएने ठरवलेल्या रकमेपेक्षा प्रत्यक्ष नुकसान जास्त असेल, तर ते मागण्याचा मार्ग खुला राहतो. त्यासाठी हुकलेल्या पुढच्या तिकिटाची, हॉटेलची, टॅक्सीची प्रत्येक पावती सांभाळून ठेवावी. थांबावे लागल्यास खाण्यापिण्याची आणि रात्र काढावी लागल्यास हॉटेलची मागणी कंपनीकडे तिथेच करावी, आणि तिने नकार दिला तर तोही लेखी मागावा.

जास्त तिकिटे विकली नव्हती, ऐनवेळी विमान बदलावे लागले म्हणून आसने कमी पडली, असे कारणही पुढे केले जाते. या बाबतीत पुण्याच्या प्रवाशांशी संबंधित एक प्रकरण लक्षात ठेवण्यासारखे आहे. ६ सप्टेंबर २०२४ रोजी अकासा एअरच्या बेंगळुरू–पुणे उड्डाणात, ऐनवेळी आणलेल्या दुसऱ्या विमानातील काही आसने नादुरुस्त असल्याने, सात प्रवाशांना प्रवेश नाकारण्यात आला. त्यांना दिलेले पर्यायी विमान तासाभराहून अधिक उशिराचे होते आणि भरपाई मात्र दिली गेली नव्हती. डीजीसीएने लक्ष घातल्यावर ती दिली गेली, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कंपनीला १० लाख रुपये दंड झाला. त्याआधी जून २०२२ मध्ये, प्रवेश नाकारलेल्या प्रवाशांना भरपाई न दिल्याबद्दल एअर इंडियालाही १० लाखांचाच दंड झाला होता. दंड सरकारजमा होतो, प्रवाशाच्या खिशात येत नाही. तरी आपल्या तक्रारीत या प्रकरणांचा उल्लेख जरूर करावा.

आसन मिळाले पण खालच्या वर्गात बसवले, तर नियम वेगळा आहे. फेब्रुवारी २०२३ पासून देशांतर्गत प्रवासात अशा वेळी करांसह तिकिटाच्या ७५ टक्के रक्कम परत मिळते आणि प्रवासही होतो.

घरी परतल्यावर

पहिली तक्रार विमान कंपनीकडेच करावी. कंपनीच्या संकेतस्थळावर नोडल अधिकाऱ्याचा आणि त्याच्या वरच्या अपील अधिकाऱ्याचा पत्ता असतो. नोडल अधिकाऱ्याला विमानतळावरून पाठवलेला ई-मेल, तिकीट, भाड्याची फोड आणि पर्यायी उड्डाणाचा बोर्डिंग पास जोडून लिहावे. नेमकी किती रक्कम हवी आणि ती कोणत्या हिशेबाने, हे स्पष्ट लिहावे. नुसते 'योग्य ती भरपाई मिळावी' असे लिहिलेल्या पत्राला उत्तर म्हणून व्हाउचर येते. रोख किंवा बँक खात्यात पैसे हवे असतील, तर तसे त्याच पत्रात सांगावे, कारण व्हाउचर देण्यासाठी प्रवाशाची संमती लागते. उत्तर समाधानकारक नसेल, तर अपील अधिकारी, आणि त्यानंतर नागरी विमान वाहतूक मंत्रालयाचे एअरसेवा हे पोर्टल. तिथे तक्रारीला क्रमांक मिळतो आणि कंपनीला उत्तर द्यावे लागते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे, आणि तिथूनही कंपनीशी संपर्क साधला जातो.

एवढ्याने काम झाले नाही, तर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. इथे कायदा प्रवाशाच्या बाजूने बराच उदार आहे. तक्रारदार जिथे राहतो किंवा नोकरी-व्यवसाय करतो, त्या जिल्ह्यात तक्रार दाखल करता येते. म्हणजे मुंबई विमानतळावर थांबवलेल्या रत्नागिरीच्या प्रवाशाला मुंबईला खेटे घालावे लागत नाहीत. तिकिटाची किंमत ५ लाख रुपयांपर्यंत असेल, तर शुल्क लागत नाही. वकील द्यावाच लागतो असेही नाही. ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या तक्रार दाखल होते. मुदत घटनेपासून दोन वर्षांची आहे, पण वर्षभर थांबून मग कागद शोधायला बसण्यापेक्षा कंपनीचा नकार हाती येताच तक्रार दाखल करणे सोयीचे पडते.

परदेश प्रवासात

मुलांना भेटायला युरोप-अमेरिकेला जाणाऱ्या आईवडिलांनी एक फरक ध्यानात घ्यावा. युरोपीय संघातल्या विमानतळावरून निघणाऱ्या कोणत्याही कंपनीच्या विमानाला, म्हणजे फ्रँकफर्टहून मुंबईला येणाऱ्या भारतीय कंपनीच्या विमानालाही, युरोपचा २००४ सालचा २६१ क्रमांकाचा नियम लागू होतो. मुंबईहून तिकडे जाताना मात्र कंपनी युरोपीय असेल, तरच तो लागू होतो. ३,५०० किलोमीटरपेक्षा लांबच्या अशा प्रवासात मर्जीविरुद्ध थांबवल्यास ६०० युरो मिळतात. पर्यायी विमानाने पोहोचायला चार तासांपेक्षा कमी उशीर झाला, तर ही रक्कम निम्मी होऊ शकते. ब्रिटनचा नियम याच धर्तीवर आहे आणि तिथे एवढ्या अंतरासाठी ५२० पौंड मिळतात. अमेरिकेतून निघणाऱ्या विमानांना तिथला नियम लागतो. पर्यायी विमानाने पोहोचायला किती उशीर होतो त्यानुसार एका बाजूच्या भाड्याच्या २०० किंवा ४०० टक्के, डॉलरमधल्या ठरलेल्या मर्यादेत. युरोपात आणि अमेरिकेत प्रवेश नाकारलेल्या प्रवाशाला त्याच्या हक्कांचे लेखी पत्रक देणे कंपनीवर बंधनकारक आहे. भाषेची अडचण असलेल्या ज्येष्ठांनी वाद घालत बसू नये, ते पत्रक मागून घ्यावे, त्याचा फोटो मुलांना पाठवावा, आणि मुलांचे उत्तर येईपर्यंत कोणत्याही कागदावर सही करू नये.