मेटाच्या जाहिरात खात्यातले तीन मजले

फेसबुक-इन्स्टाग्रामवर पहिली जाहिरात लावताना कॅम्पेन, ॲड सेट आणि ॲड या तीन शब्दांत गाडी अडते. दिवाळीच्या फराळाचं उदाहरण घेऊ.

वरचा मजला कॅम्पेनचा. इथे मुख्यतः हेतू ठरतो: विक्री हवी, चौकशी हवी की नुसती ओळख. हेतू एकच ठेवा.

खरं काम मधल्या मजल्यावर, ॲड सेटमध्ये. जाहिरात कोणाला, कुठे, किती दिवस दिसणार, ते इथे ठरतं. पुण्यातल्या घरपोच ऑर्डरींसाठी एक ॲड सेट, परदेशी पार्सलसाठी दुसरा. दोन्हीकडची गिऱ्हाइकं वेगळी, भावही वेगळा. बजेट इथे किंवा वर कॅम्पेनला देता येतं. मात्र दिवसाला तीनशे रुपये असतील तर पाच ॲड सेट काढू नका. आठवड्याला साधारण ५० निकाल (म्हणजे हेतूप्रमाणे ऑर्डरी किंवा चौकश्या) मिळाले की ॲड सेट स्थिरावतो. पैसे वाटले गेले की कुणाचंच पोट भरत नाही.

खाली ॲड, म्हणजे प्रत्यक्ष फोटो-मजकूर. चकलीचा फोटो एका ॲडमध्ये, सोऱ्यातून चकली पडतानाचा व्हिडिओ दुसऱ्या. (माझा कौल व्हिडिओला.)

हा सगळा वाडा ज्या जाहिरात खात्यात उभा राहतो, ते स्वतःच्या बिझनेस पोर्टफोलिओत (धंद्याची पानं-खाती एकत्र ठेवायची मेटाची जागा) उघडा आणि एजन्सीला फक्त ॲक्सेस द्या. माझं खातं माझ्या जाहिराती सांभाळणाऱ्या माणसाच्या नावावर होतं. तो गेला, सगळा जुना हिशेबही गेला. खातं उघडताना चलन आणि टाइम झोनही नीट बघा, नंतर बदलायचं तर नवं खातंच काढावं लागतं.