परदेशातल्या वर्गाशी शाळा जोडताय? या चुका टाळा

दूर देशातल्या एखाद्या वर्गाशी ओळख होते, पहिला व्हिडिओ कॉल दणक्यात होतो, पेपरात फोटो छापून येतो आणि दोन महिन्यांत सगळं थंड पडतं. मराठवाड्यातल्या शिक्षकांशी बोलताना हे गाऱ्हाणं हमखास ऐकू येतं. खापर बहुतेक वेळा रेंजवर फुटतं. रेंजची अडचण खरी आहे, पण ती सुटते. गाव लहान आहे, ही तर अडचणच नाही. २०२० चं ग्लोबल टीचर प्राइझ मिळालेले रणजितसिंह डिसले गुरुजी आपल्या शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात, परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत शिकवत होते. वैर असलेल्या देशांतल्या मुलांना एकमेकांशी बोलतं करायचा उपक्रमही त्यांनी चालवला.

पत्र गेलं, उत्तर नाही

सगळ्यात मोठी चूक इथे होते. आपण मुलांकडून निबंध लिहून घेतो. ‘मराठवाड्यात आठ जिल्हे आहेत. अजिंठा आणि वेरूळची लेणी जगप्रसिद्ध आहेत.’ यात खोटं काहीच नाही. पण पलीकडच्या पाचवीतल्या मुलीने यावर विचारायचं काय? ही माहिती तिला कुठेही मिळते.

तेच लातूरकडच्या एखाद्या पोरीला मोकळं सोडलं, तर ती वेळ अमावास्येच्या सणाबद्दल लिहील, ‘येळवशीला आम्ही सगळे शेतात जेवतो. बाबा कडब्याची कोप करतात. आजी भज्जी करते, मला त्यातले तुरीचे हिरवे दाणे आवडतात. आंबील मात्र मला आंबट लागते.’ आता बघा, कोप म्हणजे ती कडब्याची खोपी कशासाठी, आंबील कशाची, घर सोडून शेतात का जेवायचं, असे प्रश्न आपोआप येतात. शिक्षकांनी शुद्धलेखन जरूर बघावं, पण पोरांची वाक्यं पुसून आपली घालू नयेत. लिहिणं आधी मराठीतच होऊ द्या. इंग्रजी नंतर फोनच्या मदतीने, वर्गात सगळ्यांनी मिळून करा. सोबत वहीच्या मूळ पानाचा फोटोही जाऊ द्या.

आणि प्रत्येक पत्रात एक तरी खरा प्रश्न हवा. ‘तुमचा देश कसा आहे?’ हा प्रश्न नव्हे. किल्लारी परिसरातल्या शाळेने जपानमधल्या वर्गाला विचारावं, ‘जमीन हलली तर तुम्ही वर्गात नेमकं काय करता?’ आपल्याकडे ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपाची आठवण घराघरात आहे. जपानमध्ये १९२३ च्या कांतो भूकंपाच्या आठवणीत १ सप्टेंबर हा आपत्ती निवारण दिन पाळतात. पोरं आजी-आजोबांना विचारून लिहितील आणि तिकडची मुलं आपला सराव सांगतील. अशी देवाणघेवाण वर्षभर पुरते.

कॉल जुळत नाही

इथे घड्याळ आणि कॅलेंडर दोन्ही काढून बसावं लागतं. आपली शाळा साडेदहाला भरते तेव्हा जपानमध्ये दुपारचे दोन वाजलेले असतात, म्हणजे तासाभराची सोय होते. ब्रिटनमधली शाळा नऊला भरते तेव्हा आपल्याकडे हिवाळ्यात अडीच आणि उन्हाळ्यात दीड वाजलेला असतो, कारण ते लोक मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ बदलतात. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर सकाळचे नऊ म्हणजे आपली संध्याकाळ, तेव्हा तिथे कॉलचा हट्ट सोडा आणि लिहिण्यावर भर द्या. सिडनीसाठी मात्र मार्चमधली आपली सकाळची शाळा सोन्यासारखी आहे. आपले साडेसात म्हणजे त्यांचा दुपारचा एक.

सुट्ट्यांचंही तसंच. ऑस्ट्रेलियात डिसेंबरच्या उत्तरार्धापासून जानेवारीच्या शेवटापर्यंत शाळा बंद असतात, युरोपात बहुतेक ठिकाणी जुलै-ऑगस्टमध्ये. आपली दिवाळी आणि मे महिना त्यांना ठाऊक नसतो. पहिल्याच पत्रात दोन्हीकडच्या सुट्ट्या कळवल्या, तर ‘ते आता बोलत नाहीत’ हा गैरसमज होत नाही.

कॉल अडकत असेल तर आपल्याकडून एकच कॅमेरा चालू ठेवा. तरीही जमलं नाही, तर मिनिटभराचे तुकडे आधीच रेकॉर्ड करून रात्री पाठवा. जुन्या मार्गदर्शिकांत स्काइपवर कॉल करा असं सांगितलेलं असतं. स्काइप मे २०२५ मध्ये बंद झालं, त्यात वेळ घालवू नका.

फोटो टाकण्याची घाई

यात हयगय नको. शाळेची पाटी, गावाचं नाव, मुलाचं पूर्ण नाव आणि चेहरा एकाच फोटोत कधीही जाऊ देऊ नका. वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा कायदा अठरा वर्षांखालच्या प्रत्येकाला बालक मानतो आणि त्यांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची अट घालतो. पालक सभेत फोटो कुठे जाणार, कोण बघणार, हे मराठीत समजावून सांगा आणि मगच सही घ्या. नुसता कागद घरी पाठवून सही आणणं म्हणजे संमती नव्हे. पोरांचे हात, वह्या, चित्रं, कोपीसमोरचं ताट यांचे फोटो पुष्कळ बोलके असतात.

दिवाळीनंतर वर्ग अर्धा होतो

बीड आणि आजूबाजूच्या तालुक्यांत ऊसतोडीला जाणाऱ्या घरांची पोरं आई-बापांसोबत पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात. तिकडे एखाद्या मुलाचं पत्र येतं आणि इथला त्याचा मित्र शाळेतच नसतो. म्हणून एकास एक जोड्या लावू नका. चार-चारांचे गट करा आणि प्रत्येक गटात गावातच राहणारी किमान दोन पोरं ठेवा. हंगामी वसतिगृहात राहणाऱ्या मुलांची पत्रं त्यांच्या हातात पोचतील, ही जबाबदारी एका शिक्षकाकडे द्या.

पलीकडच्या शिक्षकांनाही आधीच सांगा की काही मुलं पाच-सहा महिने नसतील, आणि ते का नसतील. गेलेल्या मुलाचं नाव गटातून काढू नका. त्याला आलेला प्रश्न आईच्या फोनवर आवाजात पाठवा. काम संपल्यावर रात्री तो फडाबद्दल, बैलगाडीबद्दल, कारखान्याच्या भोंग्याबद्दल दोन वाक्यं बोलला, तर गटातली पोरं ती उतरवून पाठवतील. त्यातलं काय पाठवायचं आणि काय नाही, हे मात्र त्यालाच ठरवू द्या.