डॉल्फिनच्या शिकारीला बेळगावातून विरोध कसा करावा

जपानच्या ताइजी गावात दरवर्षी सप्टेंबरपासून होड्यांवरून पाण्यात सोडलेल्या लोखंडी नळ्यांवर हातोड्याचे ठोके मारले जातात, आणि त्या आवाजाने भेदरलेले डॉल्फिन खाडीत कोंडले जातात; काही मारले जातात, तर काही डॉल्फिनचे खेळ दाखवणाऱ्या मत्स्यालयांना जिवंत विकले जातात. या विक्रीतूनच शिकारीला मोठा पैसा मिळतो, म्हणून बेळगाव, खानापूर वा निपाणीहून परदेश सहलीला जाताना डॉल्फिनच्या खेळांचे तिकीट काढू नये, आणि सहल ठरवतानाच आयोजकाला तसे लेखी कळवावे. भारताने असे खेळ 2013 मध्येच नाकारले आहेत, हेही त्यात आवर्जून नमूद करावे.

त्यानंतर बेंगळुरूतील जपानी वाणिज्य दूतावासाला एक पानी पत्र लिहावे. त्यात जपानी लोकांविषयी एकही कडवट शब्द नसावा, कारण विरोध कृत्याला आहे, माणसांना नव्हे. 'ही आमची परंपरा आहे' या उत्तरासाठी आपल्याकडे घरचाच दाखला आहे, आणि तो सांगताना संकोच वाटू देऊ नये: सौंदत्तीच्या यल्लम्मा देवीला मुली सोडण्याची प्रथाही जुनीच होती, तरी कर्नाटकाने 1982 च्या कायद्याने तिला गुन्हा ठरवले. पत्राखाली गावाचे नाव स्पष्ट लिहावे.