वर्षातून एकदाच उघडणाऱ्या फॉर्मची मांडणी

खरिपाचा पीक विमा शेतकरी वर्षातून एकदा भरतो. मागच्या वर्षी कुठे काय दाबलं होतं हे त्याला आठवत नसतं. म्हणून विम्याच्या ॲपमधली सुरुवातीची चार-पाच पानी शिकवणी काढून टाका. 'पुढे, पुढे' दाबत ती न वाचताच संपते. लातूर-परभणीकडचा माणूस फॉर्म भरायला बसतो तो सातबारा आणि बँकेचं पासबुक हातात घेऊन. स्क्रीनने त्याच कागदांच्या शब्दांत विचारावं.

एका स्क्रीनवर एकच प्रश्न, शेजारी सातबाऱ्याचा नमुना आणि त्यात नेमकी तीच जागा रंगवलेली. गट नंबर १२३/२/अ असाही असतो. तिथे नुसता आकड्यांचा कीबोर्ड दिला की तिरपी रेघ सापडत नाही आणि गाडी तिथंच अडते.

खरा घोळ क्षेत्राचा. बोलण्यात एकर-गुंठे, सातबाऱ्यावर हेक्टर-आर (१०० आर म्हणजे १ हेक्टर). एकच रकाना ठेवला की तीन एकरवाला सरळ ३ लिहितो, अन् ते हेक्टर धरलं की त्याची जमीन जवळपास साडेसात एकर होते. १ हेक्टर ५ आरवाला १.५ लिहितो, ते १ हेक्टर ५० आर धरलं जातं. हेक्टर आणि आर असे दोन वेगळे रकाने द्या, आरमध्ये ० ते ९९ एवढंच घ्या. खाली लगेच मोठ्या अक्षरांत दाखवा: '१ हेक्टर २१ आर, म्हणजे सुमारे ३ एकर'. आपलं रान किती एकर ते शेतकऱ्याला तोंडपाठ असतं, त्यामुळे चूक त्याची त्यालाच दिसते.

बँकेच्या शाखेचा आयएफएससी कोड ११ अक्षरी, त्यातलं पाचवं कायम शून्य. लोक तिथे इंग्रजी 'ओ' टाकतात. लाल अक्षरांत ओरडू नका, गुपचूप बदलून घ्या. आकडे देवनागरी आले तरी चालवा. पासबुकाचा फोटो जड असेल तर ॲपनेच हलका करावा. 'केबी' हा शब्द भरणाऱ्यासमोर येताच कामा नये.

ओटीपी बघायला माणूस मेसेजमध्ये जातो, आणि कमी मेमरीच्या फोनवर परत येईपर्यंत ॲप पहिल्या पानावर गेलेलं असतं. म्हणून प्रत्येक उत्तर त्याच क्षणी फोनमध्ये साठवा. रेंज गेली तरी तेच कामी येतं. आणि ओटीपीला तीस सेकंद पुरत नाहीत: नंबर बऱ्याचदा पुण्यात कामाला असलेल्या पोराचा असतो, त्याला आधी फोन लावावा लागतो.

चाचणी ऑफिसात नको, उन्हात घ्या. फिकट राखाडी अक्षरं तिथे दिसेनाशी होतात. फोन क्वचित हाताळणाऱ्याला त्याचाच सातबारा घेऊन बसवा आणि तोंड बंद ठेवा. बोट जिथे अधांतरी थांबेल, तिथला शब्द बदला.